गावाचा वाटा : जामखेडच्या दवाखान्याची गोष्ट

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला रुग्ण तपासायला सुरुवात केली, ती जनावरांच्या जुन्या दवाखान्यात. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले आणि अमेरिकेतलं पुढचं शिक्षण आटोपून नुकतेच परतलेले. आपण गावावर लादलेले असू नये, गावानेच बोलवावं आणि बसायला जागाही गावानेच द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. जामखेडकरांकडे देण्याजोगी होती ती हीच पडीक इमारत. ती त्यांनी दिली.

जामखेडची गोष्ट एरवी सांगितली जाते ती एका ध्येयवेड्या डॉक्टर दांपत्याची म्हणून. त्यात खोटं काही नाही. पण या दवाखान्याला कोणी काय दिलं याचा हिशेब मांडत गेलं, की तीच गोष्ट वेगळी दिसू लागते. परदेशातून आलेले पैसे, सरकारी मदत आणि डॉक्टरांचं कौशल्य हे सगळं एका पारड्यात टाकलं, तरी दुसऱ्या पारड्यात कोरडवाहू गावांतल्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या बायकांनी टाकलेला वाटा जड भरतो.

आपल्याकडे दवाखान्यांना दान देण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईचं जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलं आणि १८४५ साली सुरू झालं. पुण्याच्या ससूनला डेव्हिड ससून यांचा पैसा लागला. स्त्रियांसाठीचं मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ साली उघडलं, ते पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीमुळे. मिशनऱ्यांनी हीच परंपरा मोठ्या शहरांच्या बाहेर नेली. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं आणि त्याचा लौकिक दूरवर पोचला. या सगळ्यांची रीत एकच होती. धनिकाने किंवा मंडळीने पैसा द्यायचा, डॉक्टरने कौशल्य द्यायचं, रुग्णाने दारात येऊन उभं राहायचं. रुग्ण ज्या गावातून आला, त्या गावाला या व्यवहारात काही कामच नव्हतं.

ही रीत अपुरी कुठे पडते, हे आरोळे दांपत्याला कळलं ते वडाळ्याला. नेवासे तालुक्यातल्या वडाळा बहिरोबा इथलं मिशन हॉस्पिटल त्यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात सांभाळलं. वेल्लोरच्या वर्गात मेबल पहिल्या आणि रजनीकांत दुसरे आलेले. १९६० साली लग्न करताना खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. वडाळ्याला रुग्णांची रीघ लागे, शस्त्रक्रिया होत, लोक दुवा देत. पण जुलाबाने सुकलेलं जे मूल बरं करून घरी पाठवावं, तेच थोड्या दिवसांनी पुन्हा खाटेवर यायचं. धनुर्वाताची अर्भकं, अंगावर काढून बळावलेला क्षय, बाळंतपणात हातची गेलेली बाई, यांतलं बहुतेक सगळं आधीच टाळता आलं असतं. दवाखान्याच्या भिंतींच्या आत बसून ते टळणार नव्हतं. जे दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते त्यांची तर गणतीही होत नव्हती.

१९६६ मध्ये ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. शस्त्रक्रिया आणि वैद्यकशास्त्राचं प्रशिक्षण पुरं करून दोघं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथले प्राध्यापक कार्ल टेलर हे मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले, आणि पंजाबातल्या नारंगवालच्या प्रयोगामुळे गावपातळीवरच्या आरोग्यसेवेची नस ओळखणारे. आधी पाणी, अन्न, बाळंतपण आणि लसीकरण. मग त्यांच्या पाठबळाला छोटं, स्वस्त रुग्णालय, असा जामखेडचा आराखडा तिथेच कागदावर उतरला. परदेशातल्या चर्चसंस्थांनी सुरुवातीचा पैसा दिला.

जामखेड निवडलं ते दैन्य पाहूनच. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला हा तेव्हाच्या नगर जिल्ह्याचा कोपरा. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला तेव्हाचा उस्मानाबाद. इतिहासात तालुक्याचं नाव दोनदा ठळक येतं: अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी इथलं, आणि १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते खर्डाही इथलंच. वर्तमान मात्र ज्वारी-बाजरीचं, तेही पावसाने साथ दिली तर. ऊसतोडीला घरं बंद करून जायचं आणि उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणायचं. जिल्ह्याचं रुग्णालय नगरला, सुमारे ७५ किलोमीटरवर. शेजारच्या मराठवाड्याची स्थिती याहून बरी नव्हती. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि तिथल्या अडलेल्या बाईलाही जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी परभणीच गाठावी लागे. सरकारने १९५०च्या दशकापासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभारायला घेतली होती, पण एका केंद्राच्या वाट्याला असलेली गावं पाहता एखाद्या वाडीवर डॉक्टरची पावलं क्वचितच उमटत.

सुरुवात उपचारांनीच झाली, कारण लोकांची पहिली मागणी तीच होती. गर्दी वाढली तसा संशयही वाढला. ख्रिस्ती डॉक्टर आले म्हणजे बाटवायलाच आले असणार, ही कुजबुज होतीच. ज्यांची पोटं आजारपणावर चालत होती त्यांनाही हे नवे लोक खुपत होते. आरोळ्यांनी वाद घातला नाही. ते गावोगावी गेले आणि आरोग्यावर बोलण्याआधी तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळले. चावडीवर सभा बोलावली असती तर कोण कुठे बसणार हे जातीने ठरलं असतं. खेळाच्या मैदानात ते ठरवणं अवघड होतं. या खेळगड्यांतून पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली.

तेवढ्यात दुष्काळ आला. १९७० पासून पावसाने ओढ दिली होतीच. १९७२ साली महाराष्ट्राने शतकातल्या भीषण दुष्काळांपैकी एक पाहिला. खडी फोडणाऱ्या हातांच्या रांगा, मिलोच्या भाकरी आणि सुकडीची पाकिटं हे त्या वर्षाचं चित्र त्या पिढीच्या मनातून गेलेलं नाही. गावांना विचारलं तेव्हा त्यांनी औषध मागितलं नाही, पाणी आणि धान्य मागितलं. आरोळ्यांच्या प्रकल्पाने तोच क्रम मानला. लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली. बाहेरून मिळालेलं धान्य प्रकल्पाने आणायचं. सरपण, भांडी आणि रांधणारे हात गावाने द्यायचे. मदतीचं धान्य कायमचं पुरणार नव्हतं. तेव्हा ज्यांच्या विहिरी खोल करून दिल्या, त्या शेतकऱ्यांनी मुलांच्या अन्नासाठी जमिनीचा तुकडा राखून ठेवला.

पाण्यासाठी खोदलेल्या कूपनलिकांची हकीगत आरोळ्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. खोदायचं यंत्र गावात आलं की जागा ठरवायचा प्रश्न येई, आणि जागा ठरे ती वेशीबाहेरच्या दलित वस्तीत किंवा तिच्या लगत. पाणी तिथेच लागतंय, हे भूगर्भाचं उत्तर म्हणून सांगितलं जाई. घशाला कोरड पडलेली असताना सवर्णांना हापशावर जाण्यावाचून गत्यंतर उरत नसे. ज्यांनी दलित बायकांना विहिरीवर चढू दिलं नव्हतं, ते त्यांच्याच वस्तीत घागरी घेऊन उभे राहू लागले. जात एका हापशाने गेली नाही. पण नारू आणि जुलाब कमी करणारं स्वच्छ पाणी आणि एका रांगेत उभं राहण्याची सवय, दोन्ही एकाच खोदाईतून मिळाली.

मग आली पहिली मोठी पीछेहाट. गावांत आरोग्यसेवा पोचवायची तर प्रशिक्षित नर्स तिथे राहायला हवी, असा मूळ बेत होता. तो फसला. शहरातून आलेली तरुण, एकटी मुलगी गावात रमेना. गावालाही ती परकी वाटे. लुगडं, भाषा, खाणंपिणं सगळंच वेगळं. तिचं ऐकून कोणती सासू सुनेचं बाळंतपण तिच्या हाती देणार? त्यावर गावकऱ्यांतूनच सूचना आली, की आमच्यातलीच एखादी बाई शिकवून तयार का करत नाही? पुढचं सगळं या सूचनेवर उभं राहिलं.

गावाने सभा घेऊन बाई निवडायची, असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस त्या जामखेडला येत. शिकण्याआधीची परीक्षा पंगतीची होती. सगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं आणि एकाच खोलीत शेजारी झोपायचं. काहींनी सुरुवातीला आपलं अन्न बांधून आणलं. महिन्यांमागून महिने गेले तशी ती गाठोडी यायची बंद झाली.

या आरोग्य सेविका जे शिकल्या ते साधं होतं, आणि जीव वाचवणारं होतं. बाळाची नाळ कापायला विळा किंवा दगड नको, उकळलेलं ब्लेड हवं. म्हणजे धनुर्वात टळतो. पहिला चीक फेकायचा नाही, तो बाळाला पाजायचा. जुलाब लागले तर पाणी तोडायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. गोवर हा देवीचा कोप नाही. गरोदर बाईने दोन घास जास्त खायचे. मूल मोठं होईल या भीतीने उपाशी राहायचं नाही. अंगावरचा बधिर चट्टा दाखवायला यायचं, कारण कुष्ठरोग लवकर धरला तर बोटं झडत नाहीत. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. यातलं एकही वाक्य शहरी डॉक्टरला नवं नव्हतं. पण डॉक्टर ते सांगून निघून जाई, आणि सेविका मात्र संध्याकाळी त्याच ओट्यावर बसून उद्या पुन्हा तेच सांगणार असे. शिवाय तिची स्वतःची सून आणि नातू गावासमोरच असत.

दर आठवड्याला जामखेडहून नर्स, समाजकार्यकर्ता आणि सोबतचे सहकारी जीपने गावात येत. सेविकेने हेरून ठेवलेले अवघड रुग्ण ते तपासत, आणि तिच्या बरोबरीने घरोघर फिरत. मुलांची वजनं घेणं, पाहणी करणं, शोषखड्डे खणणं, झाडं लावणं ही कामं शेतकरी मंडळांनी उचलली. महिला मंडळांनी बचत सुरू केली आणि छोट्या कर्जांतून शेळ्या, भाजी, बांगड्यांचे धंदे उभे केले. सेविकांना मिळे ते नाममात्र मानधन. त्यांचं घर चाले ते शेतीवर आणि अशा जोडधंद्यांवर.

दवाखाना या सगळ्याच्या शेवटी होता. तिथे कमी खाटा, साधी इमारत आणि परवडणाऱ्या दरातली शस्त्रक्रिया होती. रुग्णाच्या नातेवाइकांना राहण्याची, रांधण्याची सोय होती. अपघातात आणि आजारात पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट बनवण्याचा कारखानाही तिथे निघाला. ऐपत असलेल्यांनी फी भरायची, आणि त्यातून गावातल्या कामाला हातभार लागायचा. ज्या बाळंतिणीला सेविका वेळेवर पाठवी, तिच्यासाठीच शस्त्रक्रियेची खोली तयार असे. दवाखाना गावाला पोसत होता तसाच गावही दवाखान्याला पोसत होतं.

आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, तरी ते पाहायला हवेत. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला आणि १९९६ मध्ये २६ वर. तुलनेसाठी, देशाचा बालमृत्युदर १९७१ मध्ये १२९ होता आणि १९९६ मध्येही ७२. पुढे २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये बाहेरच्या संशोधकांची पाहणी छापून आली. आसपासच्या गावांशी तुलना करून त्यांनी निष्कर्ष काढला, की प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका पहिल्या महिन्यानंतरच्या वयात सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. प्रकल्पाच्या आकड्यांइतकी ही घट नाट्यमय नाही. पण दशकांनंतरही टिकलेला, बाहेरच्यांनी मोजलेला फरक म्हणून तिचं वजन जास्त आहे.

जामखेडची बातमी जगभर गेली ती जिनिव्हामार्गे. जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने आपल्या नियतकालिकात १९७२ साली जामखेडचा वृत्तांत छापला. जागतिक आरोग्य संघटना त्या काळात मोठमोठ्या रुग्णालयांपलीकडचे मार्ग शोधत होती. तिने १९७५ मध्ये लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेच्या प्रयोगांवर जे पुस्तक काढलं, त्यात आरोळ्यांनी लिहिलेलं जामखेडवरचं प्रकरण होतं. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आता इथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवा हे जगाचं ध्येय ठरलं. त्या जाहीरनाम्याला आधार देणाऱ्या मोजक्या प्रयोगांत नगर जिल्ह्यातल्या या तालुक्याचा समावेश होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात लखलखणारी झुंबरं होती. त्यांच्याकडे बोट दाखवत मुक्ताबाई म्हणाल्या, की डॉक्टर या झुंबरांसारखे असतात: देखणे, पण महाग आणि हाताला न लागणारे. मग त्यांनी पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले, एक पेटवला, त्याच्यावरून दुसरा लावला, आणि आमचं काम हे असं आहे म्हणून सांगितलं. जामखेडला शिकलेल्या इतर सेविका तोवर नव्या गावांतल्या बायकांना शिकवू लागल्या होत्या.

जामखेडच्याच काळात महाराष्ट्रात इतरत्रही असे प्रयोग चालू होते. पुण्याच्या के.ई.एम.च्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढूच्या परिसरात काम उभारलं. डॉ. नोशीर अंतिया यांनी मांडव्याच्या गावांत बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांच्या हाती नवजात अर्भकांची काळजी सोपवली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सिद्ध करून दाखवलं. माणसं वेगळी, भूगोल वेगळा. तरी निष्कर्ष एकाच दिशेला जात होते.

सरकारनेही या वाटेने जायचा प्रयत्न केला. २ ऑक्टोबर १९७७ पासून देशभर गावपातळीवर आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आली. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि निवड अनेक ठिकाणी गावच्या पुढाऱ्याच्या मर्जीने झाली. दर आठवड्याचं शिक्षण आणि पाठीशी उभा असलेला दवाखाना हे जामखेडचे दोन खांब वगळून योजनेने फक्त माणूस नेमायचा भाग घेतला. ती काही वर्षांत मरगळली. दुसरा मोठा प्रयत्न २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून झाला, आणि ‘आशा’ कार्यकर्ती आली. या वेळी ती बाई होती, गावातलीच होती, साधारण हजार लोकवस्तीमागे एक होती.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या तांड्यावर आज आशाताई गरोदर बाईची नोंद करते, बाळाचं वजन घेते, लसीच्या दिवशी आयांना गोळा करते. तिची कार्यपद्धत घडली ती अशा सगळ्या प्रयोगांतून, आणि त्यांत जामखेडचा वाटा मोठा. करोनाच्या काळात घरोघर फिरणाऱ्या आशांचा २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सन्मान केला. त्याच आशांना महाराष्ट्रात मानधनासाठी वारंवार संप करावा लागला, कारण सरकारी दप्तरात त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत.

जामखेडचा वारसा तपासायचा तो इथे. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे चालवलं. जामखेडच्या सेविकेनेही जवळजवळ फुकट काम केलं होतं, हे खरं. पण तिला निवडलं होतं तिच्या गावाने. शिक्षण, कर्ज, धंदा, मान, चावडीवर बोलण्याचा हक्क आणि अडल्या वेळी उघडं असलेलं रुग्णालयाचं दार हे सगळं तिच्या पदरात पडलं होतं. तिची सेवा हे दान होतं, कारण ते द्यायचं की नाही हे ती आणि तिचं गाव ठरवत होतं. आशाताईवर काम सोपवतं सरकार, उद्दिष्टं आणि नोंदवह्या ठरवतं सरकार, आणि मोबदल्याचा विषय निघाला की सेवाभावाची आठवण करून देतं तेही सरकारच.

सर जमशेटजींच्या काळात दवाखान्याला पैसा हवा होता आणि तो ज्याच्याकडे होता त्याने दिला. जामखेडला गावाची मेहनत हवी होती आणि ती गावाने दिली, कारण मोबदल्यात त्याला पाणी, जिवंत मुलं आणि आपल्या लेकीसुनांची नवी पत मिळाली. दोन्ही देणग्या खऱ्या होत्या. गावाचा वाटा मागायचा असेल, तर गावाला अधिकारातही वाटा द्यावा लागतो. तो न देता मागितलेली सेवा ही वेठ होते, मग तिला कितीही सुंदर नाव द्या.